हरळीवरचे तुडतुडे

बारकीच्या वडिलांना जाऊन चार महिने झाले होते आणि ती अजून रडली नव्हती.

तिला स्वतःला याची काही अडचण नव्हती. अडचण इतरांना होती. खालच्या मजल्यावरच्या काकू तिला जिन्यात गाठून म्हणायच्या, "एकदा मोकळी हो गं बाई, असं आत कोंडून ठेवू नये." बारकी मान हलवायची. आत काही कोंडलेलं असतं तर तिने मोकळं केलंही असतं. पण मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, आपण चिमटा काढतो आणि तो दुसऱ्याच कुणाला लागतो, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवण जात होतं. झोप लागत होती. सकाळी आईच्या गोळ्या काढून ठेवून ती वेळेवर घराबाहेर पडत होती. वडील गेल्यावर आठव्या दिवशी ती कामावर हजर झाली, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी आधी कौतुक केलं, मग आपापसात कुजबुज केली आणि शेवटी तेही विसरून गेले.

तिचं काम तुडतुड्यांचं. पिकावर मावा-तुडतुडे पडतात हे शेती करणाऱ्याला ठाऊक असतं. पण तुडतुड्यांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा कुणाच्या अध्यात ना मध्यात, एखाद्या गवतावर नाहीतर झुडपावर रस पीत जन्म काढतात, हे सांगितलं की लोक "असं का?" म्हणतात आणि विषय बदलतात. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, पाचरीच्या आकाराचा किडा. चालतो तिरका आणि हात लावायच्या आत टुणकन उडतो. संस्थेतले लोक तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला 'तुडतुडे खातं' म्हणायचे. घरात ती तीन भावंडांतलं शेंडेफळ म्हणून बारकी होती. पुढे तिने हे तीन मिलिमीटरचं काम पत्करलं आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. आता ती बेचाळीस वर्षांची होती, केस कानापाशी पांढरे झाले होते, तरी बारकीच.

गेली तीन वर्षं ती वाळवंटातल्या तुडतुड्यांची पाहणी करत होती. जाती किती आणि कुठली जात कुठे राहते, एवढाच प्रश्न. नकाशावर बेचाळीस ठिकाणं ठरवली होती. वाळूच्या टेकड्या, दगडगोट्यांचं माळरान, कोरडे ओढे, कालव्याकाठची शेतं आणि सगळ्यात शेवटी खारपट्टा, म्हणजे मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन. वर्षातून तीन फेऱ्या. प्रत्येक ठिकाणी झुडपांवरून, गवतावरून शंभर वेळा जाळं फिरवायचं, हाती लागेल ते अल्कोहोलच्या कुपीत टाकायचं आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत सोडायची: ठिकाण, तारीख, झुडूप, गोळा करणाऱ्याचं नाव. मग कित्येक महिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं.

या पाहणीत वडील पहिल्या दिवसापासून होते. ते शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं, सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणायचा. तयार कपडे स्वस्त झाले आणि गिऱ्हाईक तुटलं तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, पण शिलाई मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. बारकीने पाहणीसाठी विकत आणलेलं जाळं बघून त्यांनी नाक मुरडलं होतं. "ही शिवण आहे? यातून तुझा किडा काय, बेडूक निघून जाईल." दोन दिवसांत त्यांनी मलमलीचं नवं जाळं शिवलं. तोंडाला जाड कापडाची पट्टी, तळाला दुहेरी टीप. आणि ते नीट चालतंय का बघायला म्हणून स्वतःच गाडीत बसले, ते नंतर उतरायचं नावच घेईनात. माणूसही मोठा तुडतुडीत. सत्तरीला आलेला, काटकुळा, पण ताठ. खारपट्ट्यात गाडीची चाकं रुततात म्हणून रस्ता संपतो तिथून दीड-दोन किलोमीटर पायी जावं लागे. "ती सहा ठिकाणं माझी," असं त्यांनी पहिल्याच फेरीत जाहीर करून टाकलं. "तू तुझ्या टेकड्या सांभाळ." तेव्हापासून एकतीस ते छत्तीस ही ठिकाणं बाबांची. ड्रायव्हर सकाळी तिला टेकड्यांपाशी उतरवायचा, बाबांना घेऊन पुढे जायचा आणि दुपारी दोघं परत येऊन तिला उचलायचे.

मे महिन्यात ते गेले. हृदय मोठं झालं होतं, पायांत आणि फुप्फुसांत पाणी होतं. दवाखान्यात तीन दिवस काढले. डॉक्टर म्हणाले होते, "सात-आठ महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." आईने तोंडावर हात धरला. बारकीने विचारलं, "सही कुठे करायची?"

सप्टेंबरमध्ये तिने तिसऱ्या वर्षाच्या कुप्या तपासायला काढल्या. चौतीस नंबरच्या ठिकाणची कुपी तिने काचेच्या बशीत ओतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. खारपट्ट्यातल्या मांसल पानांच्या झुडपांवर राखाडी, धुरकट रंगाचे तुडतुडे असतात. पहिल्या दोन वर्षांत तिथून त्यांच्याखेरीज फारसं काही निघालं नव्हतं. या बशीत मात्र सगळे हिरवे होते. डोक्यावर आडवी काळी रेघ. तिने एक नर निवडला, त्याच्या पोटाचं टोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून पारदर्शक करून घेतलं, कारण तुडतुड्याची जात नराच्या आतल्या त्या केसाएवढ्या काट्यांवरूनच पक्की ठरते, आणि बघितलं. संशयाला जागा नव्हती. हरळीवरचा तुडतुडा. हरळी म्हणजे साधं हिरवळीचं गवत, जिथे पाणी मुरतं तिथे वाढणारं.

विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, ते बघायला आले तेव्हा खुर्ची ओढून बसलेच. ती त्यांच्या हाताखालीच शिकलेली.

"खारपट्ट्याच्या मधोमध हरळीचा तुडतुडा?" ते डोळा न हलवता म्हणाले. "अगं, हा तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. वाऱ्याबरोबर येत असतील. वारा त्यांना कुठल्या कुठे नेतो."

"असेल," बारकी म्हणाली.

"तुला आनंद झालेला दिसत नाही."

"झालाय, सर."

ते गेल्यावर तिने पुन्हा बशी बघितली. हिरव्यांच्या गर्दीत काही फिकट, आखूड, पंख नसलेले जीव होते. पिल्लं. दहा-बारा तरी होती. वारा पंखवाल्यांना नेतो. पिल्लं ज्या गवतावर जन्मतात तिथेच मोठी होतात. पिल्लं आहेत म्हणजे हरळी तिथेच आहे. आणि त्या मिठाच्या जमिनीवर हरळीची काडी उगवणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती उठली आणि कपाटातून पहिल्या वर्षाची एक कुपी घेऊन आली. पाहणीच्या फेरीत ती, बाबा आणि ड्रायव्हर उतरत त्या विश्रामगृहाच्या मागे पाण्याची टाकी होती, टाकीचा नळ कायम गळायचा आणि त्यावर खोलीएवढी हिरवळ पोसली होती. पहिल्या वर्षी तिने सहज म्हणून तिथे जाळं फिरवलं होतं. ती कुपी तिने दुसऱ्या बशीत ओतली. दोन्ही बश्यांमध्ये हिरवे होते, दोन्हींमध्ये नागमोडी तपकिरी पट्ट्याचे चार-दोन होते, आणि दोन्हींमध्ये फक्त हिरवळीवर आढळणारी एक चपटी काळी माशी होती.

मग तिने सहा ठिकाणांच्या तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या कुप्या ओळीने मांडल्या. अठरा. संध्याकाळपर्यंत एकेक उघडून बघितली. ऑक्टोबरच्या फेरीत दोन कुप्या हिरवळीच्या होत्या, बाकी चार खऱ्या. जानेवारीच्या फेरीत पाच हिरवळीच्या, एकच खरी, आणि ती रस्त्याला सगळ्यात जवळ असलेल्या एकतीस नंबरची. मार्चच्या फेरीत सहाच्या सहा हिरवळीच्या. प्रत्येक कुपीत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, तिरके आकडे, सातला मधे आडवी रेघ, दुकानाच्या वहीत मापं लिहायचे तसेच.

तेरा कुप्या. तिने वहीत आकडा लिहिला, बश्या धुतल्या, खोली बंद केली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संस्थेच्या मागच्या शेडमध्ये गेली. ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. पन्नाशीतला माणूस, कमी बोलणारा, सतत तोंडात बडीशेप.

"गेल्या वर्षी बाबांना तुम्ही खारपट्ट्यावर सोडायचात ना?"

"सोडायचो की."

"मग ते चालत जायचे?"

ड्रायव्हरने फडकं बादलीत बुडवलं आणि नको तितका वेळ पिळलं. "मॅडम, कधीतरी विचाराल असं वाटलंच होतं. पण मास्तर असताना विचाराल असं वाटलं होतं."

तो सांगू लागला.

"ऑक्टोबरात पहिल्यांदा झालं. चार ठिकाणं नीट केली त्यांनी, थांबत थांबत. पाचव्याला उतरले, जाळं खांद्यावर टाकलं, निघाले. मी टायर बघत होतो. मान वर केली तर मास्तर दोनशे पावलांवर उकिडवे बसलेले. मला वाटलं, किडा सापडला. जवळ गेलो तर तोंडातून शब्द फुटेना. पाणी पाजलं. म्हणाले, ऊन लागलं. ऊन कसलं मॅडम, सकाळचे नऊ वाजले होते."

"मग?"

"मग मी म्हटलं, द्या जाळं इकडे, मी मारून येतो शंभर हात. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, 'तुझा हात वेगळा पडेल. बारकीने सांगितलंय, शेवटपर्यंत एकच हात पाहिजे.' आणि मला गाडी वळवायला लावली. विश्रामगृहाच्या मागे गेले आणि त्या गवतावर शंभर हात मारले. मोजून मारले, मॅडम. मधे दोनदा बसले, पण आकडा नाही चुकवला."

यावर हसू यायला हवं, असं बारकीच्या मनात आलं. तिने वाट बघितली. आलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती. तिला कळलं तर ती मला घरी बसवेल, म्हणायचे, आणि घरी बसलो की संपलो." त्याने फडकं बॉनेटवर पसरलं. "आणि राग मानू नका, पण तुम्ही त्यांना रोज बघत होतात. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा. मला वाटलं, मला दिसतंय ते तुम्हाला दिसत असणारच."

बारकी म्हणाली, "हो. बरोबर आहे तुमचं." आणि जिना चढून वर आली.

दिवसभर ती काम करत राहिली. मधूनच एकेक गोष्ट आठवत होती, आणि आठवली तरी काही होत नव्हतं. जानेवारीत विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर बाबा तिसऱ्या पायरीला थांबले होते. "तू हो पुढे, नाडी बांधून आलोच." ती पुढे गेली होती. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. मार्चमध्ये परतताना ते पूर्ण रस्ताभर मान टाकून झोपले होते. तिला बरं वाटलं होतं, कारण त्यांच्या गप्पांशिवाय तिचं टिपण लिहून झालं होतं. तीन मिलिमीटरच्या किड्याच्या पोटातला काटा डावीकडे वळलाय की उजवीकडे, हे तिला दिसायचं. त्यासाठी दुसऱ्या देशांतून लोक तिच्याकडे नमुने पाठवायचे.

घरी आई टेबलापाशी चहा पुढ्यात घेऊन बसली होती. बारकीने हातपाय धुतले, समोर बसली आणि सरळ विचारलं, "आई, बाबांना त्रास होतोय हे तुला कधी कळलं?"

"दवाखान्यात नेलं तेव्हा. का गं?"

"त्याआधी काहीच नाही?"

आई विचार करू लागली. "उशा तेवढ्या वाढल्या होत्या. आधी एकच लागायची. मग दोन. मग सोफ्यावरची तिसरी आणली. मी विचारलं तर म्हणाले, कापूस दबलाय, उशी खाली बसलीये. मी नवीन कापूस भरून घेतला." ती एकदम थांबली. "का विचारतेस?"

बारकीने सांगितलं. कुप्या, हिरवळ, ड्रायव्हर, दोनशे पावलं. तिने ते एखादा अहवाल वाचावा तसं, तारखांसकट सांगितलं. मार्चचं ऐकेपर्यंत आईचा चेहरा आक्रसला आणि ती रडू लागली, मोठ्याने, टेबलावर डोकं टेकवून. "तिसरी उशी मार्चमध्येच आणली होती गं, आडवं पडून श्वास पुरत नसणार त्यांना," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी आणि तू, दोघी एकदा बोललो असतो तरी..."

बारकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात बरोबर जागी होता, हलका दाबही होता. हे आपण करतोय ते योग्य करतोय, एवढंच तिला जाणवलं.

सरांना तिने दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग निबंध गेला," ते म्हणाले, आणि लगेच, "माफ कर, हे पहिल्यांदा तोंडातून निघायला नको होतं."

"गेलाच, सर."

"बरं, असं कर. तिसऱ्या वर्षातून ती सहा ठिकाणं वगळून टाक. पहिल्या दोन वर्षांवर भागेल. कारण लिहायची काही गरज नाही. वाईट हवामान, रस्ता बंद, काहीही चालतं. उगाच बोभाटा कशाला? ते काही पगारी नव्हते. हौसेने येत होते बिचारे."

"चिठ्ठ्यांवर त्यांचं नाव आहे. त्या कुप्या संग्रहात जाणार. पन्नास वर्षांनी कुणी उघडल्या तर त्याला वाटेल, खारपट्ट्यात हरळी होती."

"पन्नास वर्षांनी आपण कोण असणार आहोत?"

"म्हणूनच लिहून ठेवायला हवं," बारकी म्हणाली. "आणि मला चार दिवस गाडी हवी. ऑक्टोबर लागतोच आहे. सहा ठिकाणं मी स्वतः पुन्हा करते. एका वर्षाने चुकलेलं असेल, पण हंगाम तोच राहील."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बारके," ते म्हणाले, आणि ऑफिसात त्यांनी तिला या नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ होती, "तू जरा सुट्टी का घेत नाहीस?"

"सुट्टीत काय करू, सर?"

त्यांनी गाडीच्या कागदावर सही केली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आणि ड्रायव्हर निघाले. मागच्या सीटवर दोन जाळी, कुप्यांची पेटी, पाण्याचे डबे. पहिल्या दिवशी तिने एकतीस आणि बत्तीस केलं, दुसऱ्या दिवशी तेहतीस आणि चौतीस. रस्ता संपतो तिथे ड्रायव्हर गाडी थांबवायचा. ती उतरून चालू लागायची. मिठाचा पातळ पापुद्रा बुटाखाली फुटायचा. पाऊल आत जायचं, ओढून काढावं लागायचं, पुन्हा आत जायचं. चौतीस नंबरला तिने नकळत पावलं मोजली. दोनशे झाली तेव्हा ती थांबली, मागे वळली. गाडी अगदी जवळ दिसत होती. माणसाने हाक मारली तर ऐकू जावी इतकी. पुढे मैदान पांढरं पडलेलं, झुडपं कुठे दिसतही नव्हती. तिच्या स्वतःच्या छातीतही थोडी धाप होती. ती चालत राहिली.

झुडपांवर तिने शंभर हात मारले. जाळ्याच्या तळाशी राखाडी तुडतुडे होते, एकोणीस. तोंडाने हवा ओढायच्या नळीतून तिने ते एकेक करून उचलले, कुपीत सोडले, चिठ्ठी लिहिली. सगळं जसं असायला हवं तसं होतं.

तिसऱ्या दिवशी पस्तीस झालं आणि मग छत्तीस. छत्तीस हे सगळ्यात लांबचं. खारपट्ट्याच्या पलीकडच्या काठाला, एका उथळ खोलगट जागेत. तिथे एक वेगळंच ठेंगणं, लालसर झुडूप होतं, दुसरीकडे कुठेच न दिसलेलं. पहिल्या वर्षी बाबांनी तिथून एक तुडतुडा आणला होता, एकच मादी. मादीवरून जात ठरत नाही. दुसऱ्या वर्षी दोन, त्याही माद्या. बारकीने तेव्हा म्हटलं होतं, "बाबा, तिसऱ्या वर्षी मला तिथला एक नर आणून द्या, बाकी काही नको." ते म्हणाले होते, "नर काय, वऱ्हाडच आणतो."

दोन किलोमीटर चालून ती त्या जागी पोचली आणि तिला वाटलं, आपण चुकलो. तिने हातातल्या यंत्रावरचे आकडे बघितले. जागा हीच होती. खोलगट जागेच्या मधून माणूसभर खोल चर खणलेला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, आणि चराच्या कडेला जाड काळे पाइप एकापुढे एक ठेवलेले होते. उकरलेल्या मातीचे ढीग दोन्ही बाजूंना पसरून झुडपांवर बसले होते. चाकांचे खोल ठसे पलीकडच्या बाजूने आले होते आणि तिकडेच गेले होते. माणूस कुणी नव्हतं. ती चराच्या काठाने या टोकाहून त्या टोकाला गेली. लाल झुडपांच्या काटक्या मातीतून वर आलेल्या होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. एका काटकीला हात लावला तर ती मोडली.

तिने जाळं काढलं. ज्या काटक्या वर होत्या त्यांवर शंभर हात मारले. नियम होता म्हणून. जाळ्यात माती आली, बाकी काही नाही. तिने कुपी काढली, चिठ्ठी लिहिली, छत्तीस, तारीख, आणि संख्येच्या जागी शून्य. मग ती पाइपावर बसली.

मातीच्या ढिगांवर मिठाचा पापुद्रा अजून धरला नव्हता, म्हणजे मार्चमध्ये हे खणलेलं नव्हतं. जानेवारीत तर नव्हतंच. तेव्हा इथे झुडपं होती, झुडपांवर तो किडा होता, कदाचित नरही होता. आता तो कोण होता हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि ज्या माणसाला ठाऊक होतं की आपल्याला इथवर येता येत नाही, त्याने तोंड उघडून तेवढं एक वाक्य सांगितलं नव्हतं.

"बाबा, काय करून ठेवलंत हे!"

ती मोठ्याने बोलली होती. आवाज तिचाच होता, पण गेल्या कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा, घरात सकाळी आंघोळीच्या नंबरावरून भांडतानाचा.

"नाही जमत म्हणून सांगायचं ना! मी काय खाणार होते तुम्हाला? मी आले असते इथे! मी आले असते ना चालत! दवाखान्यात नेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी आले असते! हिरवळीवर शंभर हात मोजून मारताय! कुणाला फसवताय? मला? मी दिवसभर दुसरं करते काय?"

ती उठून उभी राहिली होती. कान तापले होते. तिने मातीचं एक ढेकूळ उचललं आणि चरात भिरकावलं, मग दुसरं. चौथ्या ढेकळाला खांद्यात कळ आली आणि ती कळ तिला लागली, तिलाच. ती थांबली.

मागे ड्रायव्हर उभा होता. गाडी सोडायची नाही असा त्याला हुकूम होता, पण तिला यायला उशीर झाला म्हणून तो पाणी घेऊन चालत आला होता. त्याने किती ऐकलं कोण जाणे. त्याने डबा पुढे केला. ती घटाघट प्यायली.

"मास्तरांवर ओरडत होतात ना?" त्याने विचारलं.

"हो."

"ओरडा," तो म्हणाला. "मीही ओरडलो होतो एकदा. मार्चमध्ये. माझं तर ऐकूनच घेतलं नाही त्यांनी. बडीशेप मागितली."

यावर ती हसली. फार नाही, नाकातून हवा गेल्याइतकंच. मग दोघं परत निघाले. रुतलेले पाय उपसत, आपापल्या ठशांवरून.

पुढचे दोन महिने अहवाल लिहिण्यात गेले. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. काकू अजूनही जिन्यात गाठायच्या, ती अजूनही मान हलवायची. पण आता तिला दिवसातून एकदा तरी राग यायचा, आणि तो आला की थोडा वेळ हातापायांत धग राहायची. एकदा मशीनवरचं कापड झटकताना आला. एकदा चपलेच्या दुकानात नाडीचे बूट बघून आला. रडू मात्र नाही. त्याची तिने वाटही बघितली नाही.

त्या तेरा कुप्यांचं काय करायचं, यावर सरांशी एकदा वाद झाला. ते म्हणाले, फेकून दे. ती म्हणाली, किडे खरे आहेत, तारखा खऱ्या आहेत, गोळा करणारा खरा आहे. चुकलीये ती फक्त जागा. तिने प्रत्येक कुपीत बाबांची चिठ्ठी तशीच ठेवली आणि शेजारी आपली दुसरी घातली: 'विश्रामगृहामागची हिरवळ.' त्यामुळे झालं असं, की त्या सगळ्या वाळवंटात सर्वांत कसून तपासलेली जागा ती खोलीएवढी हिरवळ ठरली. तिथे सात जाती निघाल्या. अहवालात तिला त्रेचाळीस नंबर मिळाला. नकाशावर छत्तीस नंबरच्या जागी पोकळ वर्तुळ आलं आणि तळटिपेत, 'एक अनिश्चित जात, तीन माद्या, ठिकाण नष्ट.'

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी, रविवारी, ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. आई शेजारी मटार सोलत होती.

"त्यांच्याबद्दल काय लिहिलंयस ते वाच," आई म्हणाली.

बारकीने वाचलं. "'तिसऱ्या वर्षी संकलकाच्या प्रकृतीच्या कारणास्तव ठिकाण एकतीस ते छत्तीस येथील तेरा नमुने प्रत्यक्षात अन्य ठिकाणी घेण्यात आले, हे नंतर निदर्शनास आले.'"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "संकलक म्हणजे?"

"गोळा करणारा."

"म्हणजे बाबा."

"हो."

"मग कुणाला काय कळणार त्यातून? कुणी परकं माणूस वाटतंय." तिने दाणे भांड्यात टाकले. "सरळ लिही. माझे वडील आजारी होते, त्यांना तिथवर चालवत नव्हतं, आणि त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही. त्यात काय लपवायचंय?"

"अहवालात असं लिहीत नाहीत, आई."

"का?"

बारकीने पेन्सिल उचलली, ते वाक्य खोडलं आणि वर आई म्हणाली तसं लिहून काढलं, शब्दाला शब्द. 'आम्हाला'पाशी ती थोडी थांबली. मग तोही शब्द तसाच ठेवला. आईने मान वाकवून अक्षर बघितलं.

"आणि शंभर हात मोजून मारले, तेही लिही," ती म्हणाली.